नागपूरचे थाय

कॅनडात राहून व्हिएतनामच्या आठवणीनं हळवा होणारा नागपूरचा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे आम्ही सगळे रीतसर हळवे होत असू. पुण्याचे पुण्याच्या आठवणीनं, मुंबईचे मुंबईच्या. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या जिममध्ये जमलो, की कुणीतरी आपल्या गल्लीतल्या मिसळीचा विषय काढायचं आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांचे आवाज जड व्हायचे. हे नागपूरचे सर मात्र कागदी प्लेट हातात धरून म्हणायचे, "हे सगळं ठीक आहे हो. पण कांथोला दुपारी नदीवरून जो वारा येते ना..." आणि त्यांच्याभोवतीची माणसं हळूहळू मोदकांच्या टेबलाकडे सरकायची.

कांथो हे व्हिएतनामच्या दक्षिणेतलं, मोठ्या नदीकाठचं गाव. नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून कंटाळलेले सर तिथल्या एका भाषाकेंद्रात वर्षभरासाठी म्हणून शिकवायला गेले आणि कितीतरी वर्षं परत आलेच नाहीत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बोलवायलाही कुणी नव्हतं. शेवटी कॅनडातल्या थोरल्या बहिणीनं फोनवर रडून रडून त्यांना अप्लाय करायला लावलं आणि ते ओंटारियोत, आमच्या केंब्रिजला येऊन पडले. एक गाव सोडून दुसऱ्यात रुळलेला माणूस तिसऱ्या गावात आला, की त्याला आठवण मधल्या गावाची येते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुढे काही वर्षांनी ते परत कांथोला गेले ते कायमचेच. पण तोवर त्यांनी आमच्या गावात जे करायचं ते करून ठेवलं होतं.

माझी त्यांची ओळख झाली दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो. मला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका शाळेत काम मिळालं. शाळा म्हणजे लाँड्रोमॅटच्या शेजारची चार खोल्यांची जागा. पहिल्या दिवशी स्टाफरूमचं दार उघडलं, तर समोर हवेत एक माणूस. भिंतीतल्या दोन जाड कड्यांना दोऱ्यांचा झोपाळा बांधलेला, त्यात पन्नाशीचे एक गृहस्थ टाय लावून, छातीवर हात ठेवून झोपलेले.

डोळे न उघडता ते मराठीत म्हणाले, "बाई, दार लावून घ्या. थंडी आत येऊन राहिली."

मी दचकले. "तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे ते?"

"तुम्ही दार उघडून 'अगं बाई' म्हणाल्या."

मग त्यांनी एक डोळा उघडला. "पुण्याच्या का?"

"हो."

"वाटलंच. उभ्या आहात अजून. बसा ना. जेवल्यावर माणसानं इतकं सरळ उभं राहू नये."

जेवणानंतरची ती झोप ते कुणासाठीही मोडत नसत. आमच्या शाळेच्या मुख्य होत्या ब्रेंडा नावाच्या बाई. उंच, भल्या, आणि कायम इन्शुरन्सच्या काळजीत. उद्या हे झोपाळ्यातून पडले तर कोण जबाबदार, हा प्रश्न त्यांनी सरांना अनेकदा विचारला. सर नम्रपणे म्हणायचे, "ब्रेंडा, सबंध मेकाँगचं खोरं दुपारी झोपाळ्यात असते. कोणी पडत नाही." शेवटी ब्रेंडाबाई एकदा स्वतः त्यात बसल्या. त्यांना उठवायला सर आणि मी, दोघंही लागलो. त्या दिवसापासून इन्शुरन्सचा विषय निघाला नाही.

शाळेतले निम्म्याहून जास्त विद्यार्थी व्हिएतनामी होते. फर्निचरच्या आणि गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत शिफ्ट करून येणारे, शिवाय नातवंडं शाळेत गेल्यावर येणाऱ्या आज्या. ते सरांना 'थाय' म्हणत. थाय म्हणजे गुरुजी. त्या लोकांत शिक्षकाला नावानं हाक मारत नाहीत. हळूहळू ब्रेंडाबाईही थाय म्हणायला लागल्या. मी 'सर'च म्हणत राहिले. पुण्याची सवय.

त्यांचा वर्ग सुरू व्हायचा एकाच प्रश्नानं. "सुट्टीच्या दिवशी मजा काय केली?"

कुणी म्हणायचं, घर साफ केलं. कुणी म्हणायचं, ग्रोसरी केली.

"ते काम झालं. मी मजा विचारली."

वर्ग गप्प. सर थांबून राहायचे. त्यांना थांबता यायचं. पुस्तकातला धडा बाजूला पडायचा आणि अर्धा तास एखादी बाई, आपण तळ्यावर मासे पकडायला गेलो आणि नवऱ्याचीच टोपी गळाला लागली, हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत बसायची आणि बाकीचे पोट धरून हसायचे. मी एकदा म्हटलं, "सर, अभ्यासक्रम मागे पडतोय."

"बाई, तक्रार करता येईल एवढं इंग्रजी आपण सगळेच शिकवतो. डॉक्टरला सांगा, घरमालकाला सांगा, मॅनेजरला सांगा. पण मला मजा आली, हे सांगायचं कोण शिकवते? ज्याला हे सांगता येत नाही ना, तो त्या देशात पाहुणाच राहते."

त्यांची कॉफी हा एक वेगळाच सोहळा होता. पेल्यावर पत्र्याची छोटी गाळणी ठेवायची, आत कॉफी दाबायची, वर उकळतं पाणी, आणि खाली घट्ट गोड दुधावर एकेक थेंब पडताना बघत बसायचं. ही कॉफी ते आत पीत नसत. व्हिएतनामी दुकानातून आणलेली लाल प्लास्टिकची बुटकी स्टुलं ते शाळेबाहेरच्या फुटपाथवर मांडायचे. पाऊलभर उंचीची स्टुलं. बाजूला शोव्हल करून टाकलेल्या बर्फाचा ढीग, आणि त्याच्याशेजारी जाड जॅकेट घालून, गुडघे कानाला लावून बसलेले सर. कांथोला असंच बसतात म्हणे, येणारे-जाणारे बघत. इथे येणारं-जाणारं फारसं कुणी नसायचं. पण लाँड्रोमॅटमध्ये कपडे टाकून वाट बघणारी माणसं आधी काचेतून बघायची, मग बाहेर येऊन विचारायची, मग बसायची. गप्पा मारून झाल्यावर त्या बुटक्या स्टुलावरून उठणं हे खरं कसब. एका पोर्तुगीज आजोबांना तर तिथे बसायची इतकी सवय झाली, की ते घरी वॉशिंग मशीन असून लाँड्रोमॅटला यायला लागले.

तेत, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण. तो आपल्या संक्रांतीनंतर कधीतरी येतो. नव्या वर्षात पहिल्यांदा घरात पाऊल टाकणारा माणूस जसा असेल तसं वर्ष जातं, असं ते लोक मानतात. म्हणून शुभ माणूस हेरून त्याला सकाळी लवकर मुद्दाम बोलावतात. सरांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं.

"यांनाच का?" मी विचारलं.

"शांत आहेत. पोट बरं सुटलं आहे. कोणाचं वाईट बोलत नाहीत, कारण बोलतच नाहीत. असा माणूस शोधून सापडत नाही."

नवरा खूश. त्यानंतर दरवर्षी तेतच्या सकाळी तो नवा शर्ट घालून, बुटांवरचा बर्फ झटकून सरांच्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरायचा आणि उजवं पाऊल आत टाकायचा. मंडळात त्याला कुणी कसली जबाबदारी देत नसे. या एका कामात मात्र त्याच्या तोडीचं गावात कुणी नव्हतं.

पण सरांचा खरा जीव होता गाण्यात. आणि सर जन्माचे बेसूर होते.

शाळेत असताना गॅदरिंगच्या आदल्या दिवशी गाण्याच्या मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नको." त्यांनी तसंच केलं. घरी गेल्यावर आई म्हणाली, सगळ्यांत तुझाच आवाज गोड येत होता. हे सांगून ते मोठ्यानं हसायचे. ते हसणं मला कधी फारसं आवडलं नाही.

कांथोला दिवसाचं काम आटोपलं की कुणाच्याही अंगणात माणसं जमतात, म्हणे. भाजीवाला, होडीवाला, शाळेतला शिपाई, डॉक्टर. एकजण गिटार घेतो. तिचे पडदे मधून खोलगट कोरलेले असतात, त्यामुळे तार दाबली की सूर आपल्या सतारीसारखा वाकतो. आणि एकेकजण गातो. त्यांच्या जुन्या संगीत नाटकांतून आलेला एक गाण्याचा प्रकार आहे, 'वाँग को'. सर मला तो समजावून सांगायचे.

"सुरुवातीला ताल नसते. नुसतं बोलल्यासारखं. मग बोलता बोलता सूर वर जाते आणि तिथंच तरंगते. एका श्वासात, शब्दांवर शब्द. ऐकणाऱ्याचाही श्वास अडकते. आणि मग गाणारा एका शब्दावर खाली उतरते. तिथं पायाखाली लाकडाची एक टिचकी वाजते, टक्! तिथून गाणं तालात. त्या क्षणी लोक जी टाळी देतात ना बाई..."

"आपल्याकडे समेवर येतात तसं?"

"तसंच. फक्त आपण मान हलवतो. ते लोक जीव ओवाळून टाकतात."

कांथोला दरवेळी कुणीतरी त्यांच्या हातात माइक द्यायचं, आणि दरवेळी ते तो पुढच्याच्या हातात द्यायचे. इतकी वर्षं. एकदाही गायले नाहीत. "त्या गावानं मला जेवढं दिलं, त्याच्या बदल्यात एक ओळ मागून राहिले होते," ते एकदा म्हणाले, "ती काही मी दिली नाही."

त्यांच्या वर्गात बा साऊ नावाच्या एक आजी होत्या. बा म्हणजे आजी, साऊ म्हणजे सहा. दक्षिणेत घरच्या मुलांना आकड्यांनी हाक मारतात, आणि थोरल्याला 'दोन' म्हणतात, त्यामुळे सहा नंबरची ही मुलगी खरं तर पाचवी. लहानखुरी बाई, विणलेली टोपी, जागा कायम हीटरजवळची. तरुणपणी त्या एका नाटक कंपनीत होत्या. कंपनी होडीतून गावोगाव फिरायची आणि बा साऊ राण्यांची कामं करायच्या. इथे आल्यावर कारखान्यात शिवणकाम केलं, मुलगी वाढवली. आता मुलीच्या घरी राहायच्या.

एका फेब्रुवारीत सरांनी वर्गाला विचारलं, "तेतला मजा काय केली?"

सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. बा साऊ म्हणाल्या, "नथिंग."

सर थांबून राहिले. पण त्या पुढे बोलल्या नाहीत. शेजारच्या बाईनं मग हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या तेतच्या कार्यक्रमात बा साऊ वाँग को गात होत्या. सूर वर होता, शब्द चालले होते, खाली उतरायचा क्षण आलाच होता, आणि माइक बंद झाला. रॅफलचे, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीचे, नंबर वाचायचे होते. आयोजकानं खूण केली आणि साउंडवाल्यानं आवाज काढून घेतला. अर्ध्या लोकांच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून बा साऊ त्या हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत.

आणि आयोजक कोण, तर त्यांचाच भाचा, तुआन.

तुआन तिशीचा, माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात लाइनवर कामाला. मावशीला शाळेत सोडायला-न्यायला तोच यायचा. सरांनी त्याला त्याच दिवशी पार्किंग लॉटमध्ये गाठलं. मी पाठोपाठ गेले, कारण सरांचा चेहरा मला ठीक दिसत नव्हता.

पण तुआन काही वाईट मुलगा नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "थाय, आय नो. आय फील बॅड. पण तरुण पोरं ते रडकं गाणं सुरू झालं की उठून बाहेर गाड्यांपाशी जाऊन उभी राहतात. आय नीड देम इनसाइड. ती आत नाही बसली तर पुढे तेत करणार कोण?"

सरांनी टायची गाठ सारखी केली. मग म्हणाले, "पुढच्या तेतला वाँग को मी गाणार."

"यू?"

"मी. मला जागा दे."

तुआन आधी हसला, मग विचारात पडला, आणि मग त्याचे डोळे चमकले. टाय लावणारा इंडियन मास्तर आणि वाँग को! हे बघायला पोरं नक्की आत आली असती. त्यानं तिथल्या तिथे हो म्हटलं.

परत येताना मी म्हटलं, "सर, तुमचं हसं करायला बोलावतायत ते तुम्हाला."

"कळते ना मला. हसू द्या. हसायला का होईना, आत तर येतीन."

"आणि तुम्हाला गाता येत नाही, त्याचं काय?"

"हो," ते म्हणाले. "तेवढं एक आहे."

बा साऊंनी शिकवायला साफ नकार दिला. गाणं ही काय परदेशी माणसानं खेळायची वस्तू आहे का? सर दर शनिवारी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांच्या गॅरेजमध्ये दिव्याखाली कुंड्यांतून पुदिना, तुळस असले पाले वाढवलेले होते. तिथे एक बुटकं स्टूल टाकून सर बसायचे. मुलगी बिचारी कॉफी आणून द्यायची. बा साऊ आत स्वयंपाकघरात, दाराला पाठ करून. असे बरेच शनिवार गेले. मग एका शनिवारी सर एकटेच गायला लागले, जसं आठवेल तसं. मुलगी नंतर मला म्हणाली, की कुत्र्यानं कान पाडले. थोडा वेळ बा साऊंनी सोसलं. मग त्या हातात डाव घेऊन गॅरेजमध्ये आल्या आणि ओरडल्या, "नो! नो! नो!" आणि ती ओळ स्वतः म्हणून दाखवली.

शिकवणी सुरू झाली.

कितीतरी आठवडे त्यांनी सरांना गाऊच दिलं नाही. नुसतं बोलायचं. त्या भाषेत शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरतो. 'बान' म्हटलं की एका आवाजात मित्र, दुसऱ्यात टेबल, तिसऱ्यात विकणे. सरांनी स्वतःच एक गाणं रचलं होतं. त्यातली 'दूर देशात मला मित्र भेटला' ही ओळ त्यांनी पहिल्यांदा भावनेनं म्हटली, तेव्हा दूर देशात त्यांना टेबल भेटलं. बा साऊ हसता हसता कुंड्यांपाशी खाली बसल्या. इतकी हसलेली आई मुलीनं वर्षानुवर्षं पाहिली नव्हती.

श्वासासाठी त्यांनी वेगळाच उपाय काढला. ड्राइव्हवे शोव्हल करता करता गायचं. फावडं बर्फात घुसताना श्वास घ्यायचा, उचलून टाकेपर्यंत सोडायचा नाही. त्या हिवाळ्यात बा साऊंचा ड्राइव्हवे गल्लीत सगळ्यांत स्वच्छ असायचा. आणि त्या एक वाक्य सारखं म्हणायच्या. सरांनी ते मला मराठीत सांगितलं होतं. "तू गाताना पण मास्तर आहेस. समजावून सांगतोस. समजावू नकोस. सांग."

घरमालकाला त्रास नको म्हणून सर शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून, काचा वर करून रियाज करायचे. एकदा ब्रेंडाबाईंनी खिडकीतून पाहिलं. डोळे मिटलेले, मान मागे, तोंड उघडं, चेहरा लालबुंद, हात छातीवर. त्या कोट न घालता बर्फातून धावत गेल्या आणि काचेवर मुठी आपटायला लागल्या. "थाय! थाय! आर यू ओके?"

सरांनी काच खाली केली. "ब्रेंडा, मी खाली उतरतच होतो, अन् तुम्ही सूर मोडला."

पुढच्या तेतचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल पोर्तुगीज क्लबचा. भिंतीवर त्यांचे फुटबॉलचे कप, त्यावर यांच्या पिवळ्या फुलांच्या माळा. आम्ही दोघं गेलो, ब्रेंडाबाई आल्या, लाँड्रोमॅटवाले आजोबा तर क्लबचे सभासदच, ते आधीपासून बसलेले. पहिल्या रांगेत, मुलीच्या शेजारी बा साऊ होत्या. कोट अंगातच, टोपी डोक्यावर, पर्स मांडीवर. कोणत्याही क्षणी उठून जाणाऱ्या माणसासारख्या.

तुआननं नाव पुकारलं आणि सर आले. निळा, गोल नक्षीचा, गुडघ्याखाली येणारा रेशमी झगा, डोक्याला त्याच निळ्याची गुंडाळी. नवरा माझ्या कानात म्हणाला, "नवरदेव दिसतायत." मागे शिट्ट्या झाल्या. पोरं खरंच आत आली होती. भिंतीला टेकून, कॅमेरे वर करून, हसायच्या तयारीत. गिटारवाले आजोबा सूर लावत होते. सर झग्याच्या बाह्या पुन्हापुन्हा खाली ओढत होते. मला ते तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. एका क्षणी मला वाटलं, आता हे नुसतं तोंड हलवणार.

त्यांनी बोलायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला मागून हशा आला. दुसऱ्याला थोडा कमी. तिसऱ्याला कुणी हसलं नाही. तुआन स्टेजवरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभा होता. मी विचारलं, "काय म्हणतायत?" तो हलक्या आवाजात इंग्रजीत सांगायला लागला.

उन्हाच्या देशातून मी नदीच्या देशात आलो. तिथे मला दुपारी झोपायला शिकवलं, बसायला शिकवलं, आणि गा म्हटलं तेव्हा मी गायलो नाही. मग मी बर्फाच्या देशात आलो. दारातला बर्फ काढतो. काढतो तेवढा पुन्हा पडतो. हात थांबतात. कोणत्या देशातून बोलावणं येईल आता मला?

"ही रोट धिस?" तुआन म्हणाला आणि मग बोलायचा थांबला, कारण सरांचा सूर वर गेला होता.

तो गोड नव्हता. खरखरीत होता, पण जिथे हवा तिथे होता, आणि हलत नव्हता. शब्दांमागून शब्द येत होते आणि मधे श्वास नव्हता. सरांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर दिसायला लागली. पुढच्या रांगेत बा साऊंचा उजवा हात पर्सवरून उठला आणि हवेत थांबला. भिंतीजवळची पोरं थांबली. मी माझ्या नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं, की तो 'अगं' म्हणाला. आणि सर उतरले. 'न्या', या एका शब्दावर. न्या म्हणजे घर, हे सरांनी मला नंतर सांगितलं. कुणीतरी हाक मारतंय, थाय, जेवण तयार आहे, चल घरी. टक्!

त्या टाळ्यांचं मी काय सांगू? माणसं खुर्च्यांवरून उठली. म्हातारे ओरडत होते. भिंतीजवळच्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, पण ती मुठी वर करून नाचत होती. ब्रेंडाबाईंना काहीच कळलं नव्हतं आणि त्या रडत होत्या. गिटारवाले आजोबा तेवढेच चार सूर फिरवत राहिले, कारण सरांना पुढची ओळ सुरू करता येईना. आणि सर तिथे उभे, त्या निळ्या झग्यात, हात बाजूला सोडून, जणू एवढ्या सगळ्या आवाजाचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढची ओळ त्यांनी गायली. त्यानंतर माइक धरून व्हिएतनामीत म्हणाले, आणि हे तुआननं मला सांगितलं: "चुकलं ते माझं. बरोबर आलं ते या बाईंचं. आता खरं गाणं ऐका."

आधी म्हाताऱ्यांनी हाक दिली. मग पोरांनी धरली. "बा साऊ! बा साऊ!" हॉल दणाणला. तुआन माझ्या शेजारून निघाला, स्टेजवर जाऊन सरांकडून माइक घेतला, खाली आला, मावशीपुढे वाकला आणि दोन्ही हातांनी माइक पुढे केला.

त्यांनी तो लगेच घेतला नाही. भाच्याकडे बघून काहीतरी विचारलं. माइक चालू होता, ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं आणि हास्याचा स्फोट झाला.

त्यांच्या मुलीनं वळून आम्हाला सांगितलं. "रॅफल झाली का, असं विचारतेय."

तुआन कानापर्यंत लाल झाला. "नाही झाली तरी चालेल," तो म्हणाला, "वर्षभर नाही झाली तरी चालेल."

बा साऊ उठल्या. टोपी काढली. आत केस नीट विंचरून, अंबाडा घालून, त्यात मोत्याची पिन लावलेली होती. कोट काढला आणि तो तुआनच्या हातात दिला. आत गडद लाल रेशमी पोशाख होता. म्हणजे घरून निघतानाच बाईंनी ठरवलं होतं! सर स्टेजच्या पायरीवर बसले, बा साऊ त्यांच्याजवळून वर गेल्या, आणि जाता जाता त्यांनी सरांच्या डोक्यावरची निळी गुंडाळी सरळ केली.

मग त्या गायल्या. सत्तरीतली ती लहानखुरी बाई बघता बघता राणी झाली. मी त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते, की जेवणाच्या टेबलाकडे निघालेली माणसं प्लेटा घेऊन जागच्या जागी उभी राहिली आणि एकाही प्लेटचा आवाज झाला नाही. तुआन कोट दोन्ही हातांवर धरून उभा होता. आता तो अर्थ सांगत नव्हता, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. सूर वर गेला, आणखी वर गेला, तिथे राहिला. शब्द एकही कळत नव्हता. पण आता त्या उतरणार, हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. माझे हात आपोआप उठले आणि टिचकीच्या नेमक्या ठोक्यावर माझी टाळी पडली. सबंध हॉलमध्ये पहिली. तिच्यामागून मग सगळा हॉल कोसळला.

सर पायरीवरून गर्रकन मागे वळले. एवढ्या गर्दीत त्यांनी मला बरोबर शोधलं आणि त्या पोर्तुगीज हॉलमध्ये, त्या व्हिएतनामी गर्दीतून, त्यांच्या अस्सल बेसूर आवाजात मराठीत ओरडले, "वा! वा, पुणेकरीण बाई, वा!"